विंझरला आलेला बिनलिंकचा मेसेज

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखत असतील. कुणी घाटातल्या पांढऱ्या साडीचा किस्सा टाकला की खाली "फोटो आहे का?", "त्या दिवशी किती घेतली होती?" असं विचारणारी आगाऊ बाई ती मीच. ॲडमिननी मला समजही दिलेली आहे. भुतंखेतं, चकवा, मागून हाक येणं — यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. पण माझ्या ओळखीच्या एका बाईचा जीव वाचलाय, आणि तो नेमका कुणी वाचवला ते मला सांगता येत नाही... म्हणून आज मीच तुमच्या रांगेत येऊन बसले आहे. हसा खुशाल.

माझं नाव रेश्मा. माहेर भोरचं, सासर कापूरहोळचं. आमच्या ह्यांचं, म्हणजे सलीमचं, हायवेलगत टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आहे. माझं दुकान मात्र विंझरला — चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याला जो रस्ता जातो त्याच्या कडेला, एसटी थांब्याच्या समोर. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे.) ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो. एका कोपऱ्यात फोटोसाठी पांढरं कापड लावलंय आणि त्याच्या पुढे पडदा. बाहेर बाकडं टाकलंय, त्यावर सकाळ-दुपार चहा पिणारी मंडळी बसलेली असतात. काम काही नसतं. ऐकायला बसतात.

आता आमच्याकडची एक पद्धत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. वरच्या वाड्यांवर मोबाईलला रेंज नाही. कुठलाही फॉर्म भरायचा म्हटला की नंबर लागतो आणि ओटीपी तिथल्या तिथे सांगावा लागतो. बाई माझ्यासमोर उभी, तिच्या नवऱ्याचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नवरा भाताच्या खाचरात, आणि खाचर डोंगराच्या पलीकडे. मग मी माझाच नंबर टाकते. "असं करू नये," हे मला शिकवायला येऊ नका, मला माहीत आहे. पण ओटीपी काय बाईची चप्पल झिजलेली बघून थांबतो का?

यामुळे झालंय काय, की अर्ध्या गावाचे मेसेज माझ्या फोनवर येतात. गॅस, रेशन, लसीचा डोस, पोरांच्या शाळेचं, दवाखान्याचं. मी काउंटरवरून ओरडून सांगते — "कुसुमकाकू, तुमचा गॅस निघाला!" कुसुमकाकू रस्त्याच्या पलीकडून ओरडतात, "आगं हळू, सगळ्या जगाला सांगती का!" आणि जिचा मेसेज आहे तिच्यापर्यंत तो पोचवायचाच, हा माझा नियम. त्यात मी कधी हयगय केलेली नाही.

मग मध्यंतरी ते माहिती फुटल्याचे मेसेज सुरू झाले. तुम्हालाही आले असतील. कुठलंतरी ॲप, कुठलीतरी कंपनी — "आपली काही माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे. आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे." वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे बाबांनो, महत्त्वाची होती तर दार उघडं टाकून झोपलात कशाला? आणि खाली लिंक. "माहिती सुरक्षित करण्यासाठी येथे दाबा." दाबा म्हणे! आमच्या इथल्या एका गुरुजींनी दाबलं होतं. त्यांच्या फोनवरून साऱ्या पाहुण्यारावळ्यांना केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती गेल्या, आणि गुरुजींना स्वतःला टक्कल. आठवडाभर बिचारे बाकड्यावर बसायला आले नाहीत.

माझा धाकटा भाऊ इरफान पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. तो म्हणायचा, "आपा, असा मेसेज खरा की खोटा ते तुला कळणार नाही. मलाही नेहमी कळत नाही. तू आपली लिंक दाबू नकोस." माझं तर मत होतं की सगळेच लबाड. खरा असेल तर चोरी होऊन गेल्यावर कशाला सांगायला येता, आणि खोटा असेल तर तो स्वतःच चोर. दोन्हीकडून मी अशा मेसेजांना शिव्याच घालायचे.

तर... भाताच्या लावण्या उरकल्या होत्या. दुपारची एसटी वेल्ह्याकडे नुकतीच गेली होती. बाकड्यावर नेहमीचे दोघे-तिघे. मी एका पोरीचा दाखला प्रिंट करत होते आणि फोन वाजला. मी सवयीने मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं, आणि पहिल्या ओळीनंतर बंद केलं. देवाची कृपा म्हणा, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

मेसेज असा होता — माझ्याकडे अजून आहे, स्क्रीनशॉट खाली कमेंटमध्ये टाकते —

"सूचना. आपल्याकडील एका महिलेची (वय ४४) आरोग्यविषयक माहिती उघड झाली आहे. तपशील : डावा स्तन, गाठ. संबंधित महिलेस कळवावे. तिने विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे."

बस. एवढंच.

पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा एक गुच्छ, त्याला काही अर्थ नाही. दवाखान्याचं नाव नाही, लॅबचं नाव नाही. मी अंगठ्याने वर-खाली करून लिंक शोधली. नव्हती. फोन नंबर नव्हता. "आमच्याशी संपर्क साधा" नव्हतं. आणि मराठी स्वच्छ! त्या कंपन्यांचं मराठी कसं असतं तुम्हाला माहीतच आहे, वाचून दात दुखतात. हे कुणीतरी नीट बसून लिहिल्यासारखं वाटत होतं.

मी लगेच इरफानला फोन लावला. तो म्हणाला, "अगं आपा, लाखो लोकांना गेला असेल. कुठल्यातरी गावात चव्वेचाळीस वर्षांची बाई असतेच. घाबरवायचं आणि मग पुढच्या मेसेजमध्ये लिंक द्यायची. दुसरा येईल बघ."

"आणि नाही आला तर?"

"येतोच."

मी वाट पाहिली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दुसरा मेसेज आलाच नाही. आणि इकडे डोक्यात तोच मेसेज. समजा तो खोटा आहे, तर मी गप्प बसले तरी काही बिघडत नाही. पण खरा असला तर? माझा नंबर टाकून कुठल्यातरी बाईनं कुठल्यातरी शिबिरात तपासणी केली असेल, तिचा निकाल तिच्यापर्यंत न पोचता इकडे तिकडे फुटला असेल, आणि ती बाई आपली भाकऱ्या थापत बसली असेल... मी जर सांगितलं नाही तर मरेल ना ती.

बरं, विचारायचं कसं? "गॅस कुणाचा?" असं विचारता येतं. हे कसं विचारणार? बाकड्यावर एक शब्द पडला की तो पुढच्या एसटीच्या आधी वरच्या वाडीवर पोचलेला असतो. मग जिची गाठ असेल ती राहील बाजूला, आणि गावाला ज्या कुणा बाईला नावं ठेवायची असतील तिच्या नावावर ती चिकटेल. त्या कंपन्यांना मी एवढ्या शिव्या घालते, आणि माहिती फोडायचं काम मीच करू?

शेवटी मी एक शक्कल काढली. माझ्या नंबरवरच्या ज्या बायका चाळिशी-पन्नाशीतल्या होत्या (आमच्याकडे बाईचं वय आधारकार्डावर एक असतं आणि तिच्या आईच्या सांगण्यात दुसरं, म्हणून जरा ऐसपैस धरलं), त्यांना एकेकीला म्हणायचं — "तुमचा फोटो जुना झालाय, आत या, नवीन काढून देते." आणि पडद्यामागे हळूच मेसेज वाचून दाखवायचा.

पहिल्या दिवशी बरं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला गेले तर दुकानापुढे बायकांची रांग! ठेवणीतल्या साड्या, पावडरी, एकीनं तर नथ घातलेली. म्हटलं कुणाचं लग्न आहे? तर कुसुमकाकू सगळ्यांत पुढे उभ्या. "भाभी, नवीन योजना आलीया म्हणं बायकांची. फोटू लागतूय. कुणाकुणालाच मिळनार हाय म्हनून तू गुपचूप करतीस व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. किती समजावलं — काकू, कसली योजना नाही. जेवढं नाही म्हणावं तेवढी त्यांची खात्री पटत गेली. सत्तरीतली एक आजी तर काठी टेकत आली होती आणि वय विचारलं तर "तूच लाव काय लावायचं ते" म्हणाली. दिवसभर मी फोटो काढत होते. पण एका अर्थी बरंच झालं, कारण ज्या बायका एरवी वाडीवरून खाली उतरल्या नसत्या त्या आपल्या पायांनी आल्या.

पडद्यामागे एकेकीचे प्रकार. एक चिडली — "असलं अभद्र कशाला वाचती?" एक हसली आणि म्हणाली, "माझ्या नणंदंला पाठीव की त्यो मेसेज." कुसुमकाकूंनी ऐकून माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "खरं सांग, आमची म्हाईती तूच तर इकत न्हाईस ना कुणाला?" चेष्टेतच म्हणाल्या, पण मला लागलं ते. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी होती. "माझं न्हाई" म्हणून झालं की प्रत्येकजण विचारायची, "मंग कुणाचं असंल गं?"

छायाक्कानं विचारलं नाही.

छायाक्का वरच्या वाडीची. उंच, काटक, कमी बोलणारी बाई. घरी नवरा बबनदादा, एक लग्नाची मुलगी, सासू आणि एक म्हैस. डेअरीला दूध घालायला आली की माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायची, एवढीच आमची ओळख. तिनं मेसेज ऐकला, "माझं न्हाई" म्हणाली आणि फोटो न काढताच पडदा सारून निघून गेली. मला वाटलं, रागावली. एवढी गर्दी होती की मी पुढच्या बाईला हाक मारली.

त्यानंतर तीन-चार दिवस ती डेअरीवर आली नाही, मुलगीच किटली घेऊन यायची. मग एका दुपारी लाइट गेले होते, बाकड्यावर कुणी नव्हतं, आणि छायाक्का सरळ काउंटरच्या आत आली. माझं मनगट धरलं. केवढी ताकद त्या हातात!

"भाभी, खरं सांग. कुणी सांगितलं तुला?"

"काय कुणी सांगितलं?"

"त्या मोबाईलमधलं. म्या कुनाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, सासूला न्हाई, पोरीला न्हाई. मंग भाईर गेलं कसं?"

"आक्का... आहे? खरंच गाठ आहे?"

तिनं मान हलवली. डाव्या बाजूला. भाताची रोपं टाकली तेव्हापासून लागत होती हाताला.

"मग तपासणी कुठे केली? शिबिरात?"

"कुटं बी न्हाई. म्या डॉक्टरची पायरी चढले न्हाई."

"नर्सबाईंना बोललीस?"

"न्हाई म्हनते ना! म्या फकस्त चंद्रीला सांगितलं."

"चंद्री कोण? बहीण तुझी?"

"म्हस."

ती अगदी गंभीर होती. सकाळी दूध काढताना म्हशीच्या अंगाला कपाळ टेकवून एकदा बोलली म्हणे. म्हणाली, "कुनाला तरी सांगितल्याबिगर ऱ्हाववंना. तिला म्हनलं, चंद्रे, मला गाठ आलीया, आन पोरीचं लगीन हुईस्तवर म्या कुनाला सांगनार न्हाई." एवढंच.

मी कशी आहे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या तिथे उलटतपासणी सुरू केली. गोठ्यात मोबाईल होता का? आजकाल मोबाईल बोलणं ऐकतात म्हणे. नव्हता. बबनदादांचा बटणांचा फोन, तो त्यांच्याबरोबर खाचरात. मुलीचा? मुलीला दिलाच नाही अजून. गोठ्याच्या पलीकडे कुणी होतं? पलीकडे डोंगर. रेंज? आक्का म्हणाली, "रेंजसाठनं आमी टेकाडावर जातो, गोठ्यात कुटली आली." या अल्लाह... भर दुपारी, रस्त्यावरून टेम्पो जातायत, समोर झेरॉक्स मशीन, आणि मला घाम फुटला.

पण घाबरत बसायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "आक्का, चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"न्हाई. भोरच्या पाव्हन्यांशी पोरीचं जमत आलंय. त्यानला कळलं की आईला असला आजार हाय, तर म्हनतील पोरीला बी हुईल. मोडतील. एकदा लगीन हुंदे, मंग बघू."

"तोपर्यंत तू राहशील का?"

"न्हाई ऱ्हायले तर न्हाई. पोरीचं तर हुईल."

असं म्हणाली हो ती. शांतपणे. मला तिचा इतका राग आला की एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी रडूही आलं. मी काय काय बोलले आठवत नाही. हात जोडले, धमकी दिली, बबनदादांना सांगेन म्हटलं. ती नाहीच म्हणत राहिली. मग माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं, विचार करून नव्हे, वैतागून —

"आक्का, तू लपवतेस कुणापासून? फुटलंय ते! कुणालातरी माहीत आहे, त्यानंच तर मेसेज पाठवला. तुझं गुपित आता गुपित राहिलेलंच नाही, मग त्याच्यासाठी जीव कशाला देतेस?"

तिनं माझ्या फोनकडे बोट केलं. मला पुन्हा वाचायला लावलं. "विनाविलंब म्हंजी?" विचारलं. मी म्हटलं, लगेच. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग चल. पर कुनाला सांगायचं न्हाई."

मी सलीमना फोन केला. ते टेम्पो घेऊन आले, सीटवरचे पाने-बोल्ट आवरून तिला बसायला जागा केली. वाडीवर निरोप धाडला की मुलीच्या साड्या बघायला भोरला जातोय. भोरच्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. बाहेर मी बसले होते आणि मनात एकच — खोटं निघू दे. सगळ्या मेसेजांसारखा हाही लबाड निघू दे, मी जन्मभर स्वतःवर हसेन.

डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या चिठ्ठी लिहितच. पुण्याला पाठवलं. तिथे मशीनवर छातीचा फोटो झाला, सुईनं तुकडा काढून तपासला. गाठ डावीकडेच होती, आणि चांगली नव्हती. पण लहान होती. पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. लग्न होईपर्यंत थांबला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं." माझा जीव भांड्यात पडला. आक्का मात्र माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बघ, त्यानं बराबर सांगितलं व्हतं." जणू कुणी नात्यातलाच माणूस.

घरी सांगणं भाग होतं. ती म्हणाली, भाभी तू ये बरोबर. बबनदादा ओसरीवर बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं, अगदी चंद्रीसकट. बबनदादांनी खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "म्हशीला सांगितलंस. मला न्हाई?"

"तुमी रडला आसता," ती म्हणाली.

ते रडतच होते. आवाज न करता, गमछा तोंडाला लावून. मी उठून अंगणात गेले, मला बघवेना.

ऑपरेशन झालं, मग शेक घेणं (रेडिएशन) झालं. त्या काळात सलीमच तिला पुण्याला नेऊन आणायचे. कुसुमकाकूंना कळलं तेव्हा मी धसकले होते, पण त्या बाईनं रोज सकाळी वाडीवर जाऊन म्हशीचं दूध काढलं आणि बाकड्यावर चकार शब्द काढला नाही. त्यांच्याबद्दल मी जे काही बोलले असेन ते परत घेते.

आणि मुलीचं लग्न? छायाक्कानंच ठरवलं की भोरच्या लोकांना स्वतः सांगायचं. "आता कुनापासनं बी लपवायचं न्हाई." सांगितलं. तिकडून काही दिवस काहीच निरोप नाही. आम्ही समजलो, मोडलं. मग एक दिवस मुलाची आई एसटीनं आली, वाडी चढून आली, आक्काची विचारपूस केली, आणि आक्काचा हात अजून वर होत नाही असं बघून थेट चुलीपुढे जाऊन भाकरी थापायला बसली. बोलणी काही झालीच नाहीत. भाकरी झाल्या, सगळे जेवले, आणि जाताना तारीख काढायला सांगून गेली. असलेही लोक असतात.

आता तुम्ही विचारणार ते मीच विचारते. मी आणि इरफाननं त्या मेसेजचा जेवढा पिच्छा पुरवता येईल तेवढा पुरवला. त्या अक्षरांच्या गुच्छाचा मालक सापडला नाही. सायबरवाल्यांकडे तक्रार दिली, तिथल्या साहेबांनी विचारलं, "फसवणूक काय झाली?" मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, मग तक्रार कसली? भोरच्या, पुण्याच्या, दोन्ही दवाखान्यांत आक्काची पहिली नोंद झाली ती मेसेज आल्यानंतर. म्हणजे जेव्हा ती माहिती फुटली असं मला कळवलं गेलं, तेव्हा ती कुठल्याही कागदावर, कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. एका बाईच्या मनात होती, आणि एका म्हशीच्या कानात.

इरफान अजून योगायोग म्हणतो. लाखो मेसेज गेले असतील, एक बरोबर लागला. मी म्हटलं, ठीक आहे, पण दुसऱ्या कुणाला आल्याचं दाखव. त्यानं खूप शोधलं, एकही सापडला नाही. "आणि लिंक?" मी विचारलं. "फसवायचंच होतं तर लिंक का नाही?" त्यानं तो स्क्रीनशॉट पुन्हा मागवला. मग म्हणाला, "आपा, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही." माझ्याकडेही नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं कमेंटमध्ये सांगावं, मी मुकाट्यानं ऐकून घेईन. माहिती फुटल्याचे मेसेज अजून येतात, लिंका अजूनही मी दाबत नाही, शिव्याही घालते. पण आधी पूर्ण वाचते.

परवा छायाक्का दुकानात आली होती. आता तब्येत छान आहे, तपासणीत सगळं साफ आलंय. पायरीवर टेकली आणि म्हणाली, "भाभी, ज्यानं धाडला त्याला उलट कळवायचं ऱ्हाऊन गेलं की. वाट बघत असंल त्यो."

आम्ही उत्तर पाठवून पाहिलं. जात नाही. पुनःपुन्हा "पाठवता आले नाही" असंच येतं. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला या ग्रुपबद्दल सांगितलं, की इथे खूप लोक वाचतात, कोण कोण वाचतात ते सांगताही येत नाही. म्हणाली, मंग तितं लिव. मी म्हटलं, लिहिते, पण तुझं नाव बदलून. तर भडकलीच माझ्यावर. "का बदलायचं? म्या काय चोरी केली? नाव घाल, आजार घाल, समदं घाल. आता माझं म्या सांगती."

तर तिनं पायरीवर बसून सांगितलं आणि मी टाइप केलं, ते जसंच्या तसं —

"म्या छाया. विंझरच्या वरच्या वाडीची. तुमी कोन हाय, कुटनं बघितलं, म्या इचारत न्हाई. तुमी धाडल्यालं माझ्यापातूर पोचलं. म्या गेले डॉक्टरकडं. पोरीचं लगीन झालं, म्या माझ्या हातानं तिला हळद लावली. तुमचं लई उपकार झालं. आता माझी काळजी करू नगा."